तो विलो नव्हेच!

दोस्तांनो, सुट्टीत तुम्ही कधी ना कधी एखाद्या मोठ्या बागेत गेला असाल. तळं, तळ्याकाठी बाक आणि बाकामागं एक झाड. झाडाच्या बारीक बारीक फांद्या खाली लोंबताहेत. जणू कुणी न्हाऊन आल्यावर केस मोकळे सोडलेत. तेवढ्यात एखादे जाणकार काका बोट दाखवून सांगतात, "तो पाहा, विलो!" आपण माना डोलावतो, झाडाखाली उभे राहून फोटो काढतो आणि घरी आल्यावर शेजाऱ्यांना सांगतो, "आम्ही विलो पाहिला!"

मीसुद्धा असाच एकदा माझ्या भाचीला घेऊन बागेत गेलो होतो. ती तेव्हा सातवीत होती. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "हा बघ विलो. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकात असतो ना, तोच!" ती झाडाजवळ गेली. खाली पडलेलं एक पान उचललं, बोटांनी चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "मामा, याला निलगिरीच्या तेलासारखा वास येतोय. विलोला असा वास येतो का?"

आली का पंचाईत! मला कुठं ठाऊक होतं? मी आपला ऐकलेलं सांगत होतो. तेवढ्यात तिनं वर पाहिलं आणि टाळ्याच पिटल्या. "मामा, ते बघ फूल! बाटली धुवायच्या ब्रशसारखं!"

खरंच की! लालभडक, गोल गोल केसाळ फूल. म्हणजे ते झाड होतं बॉटलब्रश. मूळचं ऑस्ट्रेलियाचं, आपल्या जांभळाच्या आणि निलगिरीच्या कुळातलं. विलोचा आणि त्याचा नात्यागोत्याचा काही संबंध नाही. दोघांच्या फांद्या लोंबतात, एवढंच काय ते साम्य. घरी येईपर्यंत भाची मला चिडवत होती, "तो विलो नव्हेच!"

त्या दिवसापासून मी खऱ्या विलोच्या मागं लागलो. काय काय सापडलं ते आज तुम्हाला सांगतो. ऐकायला नाही, करून पाहायला!

नावातच चूक

आधी एक गंमत सांगतो, म्हणजे माझी फसगत झाली याचं तुम्हाला फार हसू येणार नाही. झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत ज्यांनी रूढ केली, त्या स्वीडनच्या कार्ल लिनियस यांचीही याच झाडानं फजिती केली आहे, बरं का!

फांद्या लोंबणाऱ्या विलोला इंग्रजीत 'वीपिंग विलो' म्हणतात. म्हणजे रडणारा विलो. १७५३ साली लिनियस यांनी आपल्या ग्रंथात त्याला नाव दिलं 'सॅलिक्स बॅबिलोनिका'. सॅलिक्स म्हणजे विलो आणि बॅबिलोनिका म्हणजे बॅबिलोनचा. बॅबिलोन हे प्राचीन शहर आजच्या इराकमध्ये होतं. बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रात एक प्रसंग आहे. ज्यू लोकांना कैद करून बॅबिलोनला नेलेलं असतं. मायदेशाच्या आठवणीनं ते नदीकाठी बसून रडतात आणि आपली वाद्यं तिथल्या झाडांवर टांगून ठेवतात. युरोपात ही झाडं म्हणजे विलो असं मानलं जाई. रडणारी माणसं आणि रडणारं झाड! जोडी कशी छान जमली. म्हणून नाव पडलं बॅबिलोनचा विलो.

पण हे झाड बॅबिलोनचं नाहीच! ते मूळचं उत्तर चीनमधलं. तिथून व्यापाराच्या वाटेनं, हातोहात, ते पश्चिमेकडं गेलं. मग बॅबिलोनच्या नदीकाठी कोणती झाडं होती? अभ्यासक सांगतात, तो युफ्रेटिस पॉप्लर असावा. पॉप्लर हा विलोचा चुलतभाऊ, दोघंही एकाच कुळातले. या पॉप्लरची आणखी एक लबाडी आहे. त्याच्या कोवळ्या फांद्यांवरची पानं अरुंद आणि लांबट असतात, अगदी विलोसारखी. मोठ्या फांद्यांवरची पानं मात्र रुंद! एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं. आता सांगा, घोटाळा होणार नाही तर काय?

शास्त्रात एकदा नियमानं दिलेलं नाव सहसा बदलत नाहीत. म्हणून तो चिनी विलो आजही बॅबिलोनचं नाव मिरवतो आहे.

इराणात याच झाडाला 'बीद-ए-मजनून' म्हणतात. लैला-मजनूच्या गोष्टीतला मजनू तुम्हाला माहीत असेल. डोकं खाली घालून, केस पिंजारून हिंडणारा. नाव कसं चपखल बसतं पाहा!

एका डहाळीचा प्रवास

एवढं मोठं झाड चीनहून गेलं कसं? झाड गेलंच नाही. गेली ती डहाळी.

विलोची पेन्सिलीएवढी डहाळी ओल्या मातीत खोचा. तिला मुळं फुटतात आणि तीच पुढं झाड होते. बी नको, कलम नको. त्यामुळं ज्याला झाड आवडलं, त्यानं डहाळी नेली. जुन्या चीनमध्ये तर निरोप देताना प्रवासाला निघालेल्या मित्राच्या हाती विलोची डहाळी देण्याची रीतच होती. चिनी भाषेत विलोला 'ल्यू' म्हणतात आणि 'थांब, राहा' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही जवळजवळ तसाच आहे. तोंडानं 'जाऊ नकोस' म्हणवत नसेल, तर डहाळी द्यायची.

आणखी एक गोष्ट ऐका. फ्रान्सचा सम्राट नेपोलियन ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना या एकाकी बेटावर कैदेत असताना वारला. तिथल्या एका दरीत विलोच्या झाडांखाली त्याला पुरलं. पुढं १८४० साली त्याचे अवशेष पॅरिसला नेले. पण मधल्या काळात जी जहाजं बेटावर थांबत, त्यांतले प्रवासी थडग्यावरच्या विलोची एखादी डहाळी आठवण म्हणून घेऊन जात. म्हणून न्यूझीलंडपासून अमेरिकेपर्यंत कितीतरी गावांत 'हा आमचा विलो नेपोलियनच्या थडग्यावरचा' असं अभिमानानं सांगतात.

यात विज्ञानाचीही एक गंमत आहे. विलोमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. डहाळी मादी झाडाची असेल, तर तिच्यापासून होणारं झाडही मादीच. त्या झाडाची डहाळी लावली, तरी पुन्हा मादीच. म्हणजे शंभर माणसांनी शंभर गावांत डहाळ्या लावल्या, तरी ती शंभर वेगळी झाडं म्हणायची की एकच झाड शंभर ठिकाणी उभं आहे, असं म्हणायचं? विचार करा!

विलोचं ओळखपत्र

आता मुद्द्याची गोष्ट. समोरचं झाड विलो आहे की नाही, हे कसं ठरवायचं? लोंबत्या फांद्या पाहून निकाल देऊ नका. पुढच्या सहा गोष्टी एक एक करून तपासा.

पहिली खूण, पान. विलोचं पान अरुंद आणि लांब असतं, भाल्याच्या पात्यासारखं. लांबी साधारण वीतभर किंवा त्याहून कमी आणि रुंदी तुमच्या बोटाएवढी. टोक ओढल्यासारखं निमुळतं. कडेवरून हलकेच नख फिरवा, करवतीसारखे बारीक दाते लागतील. पान वरून हिरवंगार, पण उलटं केलं तर फिकट.

दुसरी खूण, पानांची मांडणी. पानं समोरासमोर जोडीनं येत नाहीत. एक या बाजूला, तर दुसरं थोडं वर त्या बाजूला.

तिसरी खूण, वास. माझी फजिती आठवते ना? पान चुरगाळून पाहा. निलगिरीसारखा उग्र वास आला, तर तो विलो नव्हे.

चौथी खूण, डोळा. पानाच्या देठापाशी, फांदीला चिकटून एक छोटा कोंब असतो. माळीकाका त्याला 'डोळा' म्हणतात. विलोच्या डोळ्यावर एकच खवला असतो. टोपी घातल्यासारखा! पॉप्लरच्या डोळ्यावर मात्र अनेक खवले, एकावर एक कौलं रचल्यासारखे. पानं गळून झाड उघडं झालं, तरी ही खूण उपयोगी पडते. घरातलं भिंग बरोबर न्या.

पाचवी खूण, फुलं. विलोला गुलाबासारखी पाकळ्यांची फुलं येत नाहीत. लांबट, मऊ, सुरवंटासारखे तुरे येतात. नर झाडाच्या तुऱ्यांवर पिवळे परागकण दिसतात. मादी झाडाच्या तुऱ्यांतून पुढं कापसासारखा भुरा उडतो. त्या भुऱ्यात मोहरीहूनही लहान बिया असतात.

सहावी खूण, पानगळ. विलो हे पानं गाळणारं झाड आहे. बॉटलब्रश बाराही महिने हिरवा.

आणखी दोन बहुरूपी तुम्हाला फसवू शकतात. एक म्हणजे शाळेच्या कुंपणाला रांगेनं उभा असलेला उंच, सडपातळ 'अशोक'. त्याच्याही फांद्या खाली झुकतात. पण त्याची पानं गडद हिरवी, चकचकीत आणि कडेनं लाटा उठल्यासारखी नागमोडी. दुसरा म्हणजे समुद्रकाठचा सुरू. सुरूची ती हिरवी सुई म्हणजे पान नव्हेच, ती सांध्यासांध्यांची बारीक काडी असते. ओढून पाहा, सांध्यातून सुटते!

आणि हो, क्रिकेटवाले दोस्त विचारतील, "बॅट याच झाडाची का?" नाही. बॅटसाठी सरळसोट वाढणारा, न लोंबणारा विलो लागतो. इंग्लंडमध्ये त्यासाठी पांढऱ्या विलोचा एक खास प्रकार लावतात. काश्मीरमध्ये अनंतनाग जिल्ह्यात संगम गावाजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बॅटच्या लाकडाच्या थप्प्याच्या थप्प्या रचलेल्या दिसतात. दल सरोवराच्या काठी मान खाली घालून पाण्यात डोकावतो, तो आपला रडणारा विलो. बॅटवाल्याचा भाऊ, पण त्याच्याच्यानं षटकार होणार नाही!

विलो आपल्या ओढ्याकाठी

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "चीन झालं, इराण झालं, काश्मीर झालं. आम्ही राहतो नगरला, साताऱ्याला, ठाण्याला. आम्हाला कुठला दिसणार विलो?"

मीही असाच समज करून बसलो होतो. पुढच्या थंडीत आम्ही गावाला गेलो. भाची भिंग आणि वही घेऊन ओढ्याकाठी फिरत होती. दुपारी धावत आली, हातात एक पान. अरुंद, लांब, कडेला बारीक दाते, खालून पांढुरकं. वास नाही. डोळ्यावर एकच टोपी! "मामा, विलो!" मी म्हटलं, "छे, इथं कुठून येणार?" माझी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं पानाकडं नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा तर वाळुंज!"

वाळुंज! हे नाव ऐकल्यासारखं वाटतं ना? वाळुंज आणि वाळुंजकर ही आडनावं तुमच्या वर्गातही असतील. आडनाव ठाऊक, पण झाड ठाऊक नाही, अशी आपली गत. तर दोस्तांनो, वाळुंज हा आपला भारतीय विलो. शास्त्रीय नाव 'सॅलिक्स टेट्रास्पर्मा'. सॅलिक्स, म्हणजे तेच कूळ, तोच गोतावळा. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी, महाबळेश्वरच्या बाजूला, जिथं बारमाही ओल असते तिथं तो वाढतो. त्याच्या फांद्या काश्मिरी भावासारख्या जमिनीपर्यंत लोंबत नाहीत. साल खरबरीत आणि उभ्या भेगांची. मात्र पान, डोळा, तुरे आणि कापूस, ओळखपत्रावरच्या या सगळ्या खुणा जुळतात.

हा वाळुंज कामाचाही फार. त्याची मुळं जाळ्यासारखी पसरून काठाची माती धरून ठेवतात. पुराचं पाणी आलं, तरी काठ ढासळत नाही.

पण एक काळजीची गोष्ट आहे. विलोच्या बीला फार दम नसतो. आपल्या घरातली ज्वारी वर्षभर ठेवली, तरी उगवते. विलोचं बी मात्र झाडावरून सुटलं की थोडेच दिवस जिवंत राहतं. तेवढ्या अवधीत त्याला ओली, मोकळी माती सापडली तर ठीक, नाहीतर संपलं. आता नदीचा काठ सिमेंटनं बांधून काढला, तर ते बी पडणार कुठं? सिमेंटवर! मोठं झाड उभं दिसतं, म्हणून आपल्याला काही चुकलंय असं वाटत नाही. पण त्याच्याखाली नवं रोप येत नाही. आणि विलोच्या जातीची झाडं वडापिंपळासारखी शेकडो वर्षं जगणारी नसतात. म्हातारं झाड एके दिवशी पुरात जातं आणि त्या काठावरचं ते शेवटचंच होतं.

ओळखता येत नसेल, तर ते गेलेलंसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तर एवढा ओळखपत्राचा खटाटोप!

चला, डहाळी लावू या

आता हातांना काम. ज्यांच्या जवळपास वाळुंज आहे, त्यांनी वाळुंजाची डहाळी घ्यावी. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड अशा थंड मुलखात राहणाऱ्या दोस्तांना रडणारा विलो लावता येईल. त्याला थंडी मानवते. आपल्या तापलेल्या माळरानावर त्याला आणून बसवलं, तर तो खरंच रडेल!

साहित्य: पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीत-सव्वावीत लांबीची डहाळी, काचेची बरणी, पाणी, माती.

डहाळी कापायचा चांगला मुहूर्त म्हणजे पानं गळून गेल्यावर, नवी पालवी फुटायच्या आधी. झाड ज्याचं आहे त्याला विचारून, मोठ्यांच्या मदतीनं धारदार कात्रीनं कापा. वरचं टोक सरळ कापा आणि खालचं तिरपं. ही माळ्यांची जुनी युक्ती आहे. त्यामुळं कोणती बाजू खाली होती, हे पुढं विसरत नाही.

तिरपी बाजू खाली ठेवून डहाळी बरणीत उभी करा. निम्मी बुडेल इतकं पाणी घाला. बरणी उजेडात ठेवा, पण कडक उन्हात नको. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. रोज पाहा आणि वहीत तारीख घालून लिहा. एक ते तीन आठवड्यांत पाण्याखालच्या भागावर पांढरे ठिपके दिसतील. ते फुगतील, फुटतील आणि त्यांतून मुळं बाहेर येतील. काच असल्यामुळं हा सगळा सोहळा तुम्हाला घरबसल्या दिसेल!

मुळं बोटभर झाली, की डहाळी कुंडीत किंवा रोपांच्या मोठ्या पिशवीत लावा. पोयट्याची माती आणि थोडं शेणखत पुरे. माती कधीही कोरडी पडू द्यायची नाही, एवढं पथ्य सांभाळा. रडणाऱ्या विलोचं रोप असेल, तर शेजारी काठी रोवून मुख्य फांदी तिला सैल बांधा. नाहीतर गडी लहानपणीच आडवा होतो. हव्या त्या उंचीपर्यंत त्याला सरळ वर नेलं, की मग खुशाल लोंबू द्या.

पुढच्या पावसाळ्यात रोप जमिनीत लावा. जागा उन्हाची आणि ओलीची हवी. ओढ्याकाठ, तळ्याकाठ किंवा शेततळ्याचा बांध.

उलटी डहाळी

थांबा, खरा प्रयोग पुढंच आहे. दोन डहाळ्या घ्या. एक सुलटी ठेवायची आणि दुसरी उलटी, म्हणजे तिरपी बाजू वर. तुमचा अंदाज आधीच वहीत लिहून ठेवा. उलट्या डहाळीला मुळं कुठल्या टोकाला येतील?

हर्मान फ्योश्टिंग नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८७८ साली याच प्रश्नावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी विलोच्या डहाळ्या दमट हवेत टांगल्या. काही सुलट्या, काही उलट्या. सुलट्या डहाळ्यांना खाली मुळं आणि वर कोंब आले, त्यात नवल नाही. पण उलट्या टांगलेल्या डहाळ्यांना प्रामुख्यानं वरच्या टोकाला मुळं फुटली! कारण झाडावर असताना ते टोक खाली होतं. म्हणजे आपलं डोकं कुठलं आणि पाय कुठले, हे डहाळी विसरत नाही. तुम्ही तिला कितीही शीर्षासन करायला लावा!

तुम्हीही करून पाहा. दोन्ही डहाळ्या ओल्या कापसात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घाला आणि खिडकीशी सावलीत टांगा. कापूस वाळू देऊ नका.

नव्वद किलो माती आणि एक विलो

झाड वाढतं ते काय खाऊन? तुम्ही पटकन म्हणाल, माती. शेकडो वर्षं मोठमोठे पंडितही तेच म्हणत. पण बेल्जियममधल्या यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट यांनी ठरवलं, आपण मोजून पाहू. त्यांनी २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो माती भट्टीत कोरडी करून मातीच्या एका मोठ्या भांड्यात भरली. त्यात विलोचं पाच पौंडांचं रोप लावलं. धूळ पडून वजनात गडबड होऊ नये म्हणून भांड्यावर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं. मग फक्त पाणी घालत राहिले. एक नाही, दोन नाही, पाच वर्षं!

पाच वर्षांनी झाड उपटून तोललं. वजन भरलं १६९ पौंड आणि सुमारे तीन औंस. म्हणजे ७६ किलोंहून जास्त. आणि माती? ती पुन्हा कोरडी करून तोलली, तर घटली होती जेमतेम दोन औंस. आपल्या हिशेबानं साठ ग्रॅमसुद्धा नाही!

म्हणजे झाड मातीतून झालेलं नव्हतं. व्हान हेल्मोंट म्हणाले, ते सगळं पाण्यातून झालं. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे लिखाण प्रसिद्ध झालं. आज आपल्याला ठाऊक आहे, की त्यांचं उत्तर अर्धंच बरोबर होतं. झाड पाणी घेतं, तसा हवेतला कार्बन डायऑक्साइडही घेतं आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीनं आपलं अन्न तयार करतं. लाकडाचा बराचसा भाग चक्क हवेतून येतो! ते दोन औंस म्हणजे मातीतले क्षार, मोजले तर थोडे, पण अत्यंत गरजेचे.

गंमत अशी, की 'गॅस' हा शब्द व्हान हेल्मोंट यांनीच बनवला. कोळसा जाळल्यावर निघणारा वायू, म्हणजे हाच कार्बन डायऑक्साइड, त्यांनी ओळखला होता. पण तोच वायू आपलं झाड पाच वर्षं गुपचूप खात होतं, हे काही त्यांच्या ध्यानी आलं नाही. तरीही त्यांना सलाम करायला हवा. 'सगळे म्हणतात' म्हणून ते थांबले नाहीत, तराजू घेऊन बसले.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलं हट्टाला पेटतील, म्हणून हे आधीच सांगतो. विलो काय किंवा वाळुंज काय, ही बाल्कनीतली झाडं नाहीत. पहिलं वर्ष कुंडीत ठीक, पण पुढं त्यांना मोकळी जमीन आणि ओल लागते. त्यांची मुळं पाण्याचा माग काढत लांब जातात. जुन्या नळाला किंवा सांडपाण्याच्या पाइपला बारीक चीर असली, तरी आत शिरून तो तुंबवतात. म्हणून घर, विहीर, टाकी आणि पाइप यांच्यापासून निदान १५ मीटर लांब लावावं.

दुसरं, परमुलखातलं झाड ओढ्याकाठी सोडण्याआधी दहादा विचार करावा. ऑस्ट्रेलियात बाहेरून नेलेल्या विलोच्या कित्येक जातींनी नद्या-ओढे व्यापून टाकले आणि आता त्यांना तण म्हणून काढावं लागतं. आपल्या काठावर आपला वाळुंजच बरा. आणि नदीकाठची जागा सार्वजनिक असते, तेव्हा ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला विचारून लावावं. मुलांना ओढ्याकाठी एकटं मात्र पाठवू नये.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. आमच्या बरणीतल्या चार डहाळ्यांपैकी तीन जगल्या. त्यांतली दोन रोपं गावच्या ओढ्याकाठी लावली. एक बकरीनं खाल्लं. दुसरं आता माझ्या भाचीपेक्षा उंच झालंय, आणि तिला ते बिलकूल खपत नाही!

तर मग, दोस्तांनो, येत्या सुट्टीत गावच्या ओढ्याकाठी एक चक्कर होऊन जाऊ द्या. बरोबर भिंग, वही आणि एखादे आजी-आजोबा घ्या. झाडांची जुनी नावं त्यांनाच ठाऊक असतात. वाळुंज सापडला, तर आम्हाला पत्र लिहून जरूर कळवा. आणि हो, पत्रात पानाचं चित्र काढायला विसरू नका. कडेचे दाते आणि डोळ्यावरची टोपी दिसायला हवी. नाहीतर आम्हीही म्हणू, "तो विलो नव्हेच!"